घरची गाडी

मिस्त्रीने दोन्ही खिसे उलटे करून बाकावर झटकले. एक फ्यूज, दोन वॉशर आणि सासऱ्यांच्या डोळ्यांच्या थेंबांचं बूच, एवढंच पडलं. पिन नव्हती.

त्याने बोल्टांचा ट्रे पालथा केला. जुन्या चेनखालची फडकी एकेक करून झाडली. मग लांब दांड्याचं लोहचुंबक घेऊन रॅम्पखालची जमीन कोपऱ्यापर्यंत चाचपली. लोखंडाचा कीस आला, खिळे आले, कधीचा हरवलेला छोटा पानाही आला. एरवी त्या पान्याने दिवस सार्थकी लागला असता. आज त्याने तो पाहिलाही नाही.

पिन म्हणजे काय, तर बोटाएवढी तार. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरायला जो टेन्शनर असतो, तो नवा येतो तेव्हा त्याचा दांडा आत दाबलेला असतो आणि ही तार त्याला अडवून धरते. टेन्शनर बसवायचा, झाकणाच्या छोट्या खिडकीतून पिन ओढायची, दांडा सुटतो, चेन ताठ होते, आणि मग खिडकीवर पट्टी लावून दोन बोल्ट आवळायचे. पिन आत राहिली तर टेन्शनर असून नसल्यासारखा. ढिली चेन खळखळते, आणि एखाद्या चढावर जोर आला की दात सोडते. मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या उरावर बसतात आणि चालती गाडी जागच्या जागी मरते.

असं होऊ नये म्हणून मिस्त्रीने स्वतःच एक शिस्त घातली होती. काढलेली पिन गाडीच्या किल्लीत अडकवायची. किल्लीत पिन नसेल तर गाडी गेटबाहेर जायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही नाचो. लोक ती पिन हौसेने किल्लीतच ठेवत. पण आजची गाडी घरची. किल्ली बायकोच्या जुडग्यात, कपाटाच्या आणि कडीकुलपाच्या किल्ल्यांबरोबर. त्यात सासरे तयार होऊन खुर्चीवर बसलेले, बायको दर थोड्या वेळाने “झालं का हो?” म्हणून डोकावत होती. घरच्या गाडीला कसली आलीय पिन, असं तो मनात म्हणाला होता. म्हणाला होता, हे त्याला आता पक्कं आठवत होतं.

पिन ओढली होती का, तेवढं मात्र आठवेना.

त्याने डोळे मिटून उजवा हात पुढे केला आणि ओढल्यासारखी बोटं हलवली. बोटांना सगळं ठाऊक होतं. पण बोटांनी आजवर इतक्या पिना ओढल्या होत्या, की त्यातली आजची कुठली हे ती कशी सांगणार? मेली बोटं, त्यांना काय, कालची आठवण आजची म्हणून खपवतील.

दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हा घोर लागला नसता. पिन राहिली तर इंजिन सुरू करताच कळतं, आंधळ्यालाही कळतं. सकाळी त्याने इंजिन सुरू केलं होतं, वाकून ऐकलं होतं, वर झाकणावर तळवा ठेवला होता आणि बायकोला म्हणाला होता, “लोण्यासारखी झालीय. वर्षभर बोनेट उघडू नकोस.” सगळं रीतसर. फक्त त्याला तो आवाज ऐकू येत नसे. जाड आवाज येत, माणसांचं बोलणं येई, हॉर्न येई. बारीक खळखळ, शिट्टी, चिरचिर ही मात्र त्याच्या कानातून कधीच उठून गेली होती. आयुष्यभर ग्राइंडरशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? आणि हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं, अशी त्याची समजूत होती. कुकरची शिट्टी झाली का, म्हणून बायकोने विचारलं, तर तो म्हणे, “माझं लक्ष नव्हतं.” गावभर त्याचं नाव कानावरच चालत होतं. मिस्त्रीने कान लावला की गाडी स्वतःहून कबुली देते, असं लोक म्हणत. लोकांचं म्हणणं मोडायचं कसं? त्याने ते मोडलं नव्हतं. कानाचं काम हाताने, अंदाजाने आणि जुन्या पुण्याईवर रेटत आणलं होतं.

त्याने बायकोला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. ती गाडी चालवताना फोन उचलत नसे. ही सवय त्यानेच ओरडून ओरडून लावली होती, आणि आता त्याच सवयीला तो शिव्या घालत होता. पुन्हा लावला, तर फोन व्यस्त. व्यस्त? गाडी चालवताना ती कोणाशी बोलतेय? की गाडी चालत नाहीच आता?

मेहुण्याला लावला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गॅरेजमधले पार्ट आणणं आणि गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं त्याच्याकडे. ताईची गाडी गेटबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने तोही “पार्टवाल्याकडे जाऊन येतो” म्हणून गेला होता. त्याचाही फोन व्यस्त. सासऱ्यांचा बंद. बॅटरी संपू नये म्हणून ते फोन बंदच ठेवत. मग तो जवळ बाळगायचा कशाला, हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रीने स्कूटर काढली.

शेजारचा वेल्डर तोंडावरची काच वर करून काहीतरी म्हणाला.

“शटर बघ रे माझं,” मिस्त्री ओरडला आणि निघाला.

डोळ्यांचा दवाखाना घाटापलीकडे, मोठ्या शहरात. सासऱ्यांच्या ऑपरेशनची तारीख किती खेटे घालून मिळाली होती. एका डोळ्याने त्यांना आधीच दिसत नव्हतं, दुसऱ्यासाठी डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवू नका. म्हणून तर चेनचं काम आधी काढलं होतं. वाटेत दगा नको म्हणून. मिस्त्रीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

घाटात इंजिन मेलं तर काय होतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत? स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेक एकदोनदा लागतो, मग पाय नुसता पेडलवर नाचतो. चढावर असेल तर गाडी मागे येते. मागे ट्रक असेल तर... त्याने स्कूटरची मूठ आणखी पिळली. बायको गाडी चांगली चालवायची, त्याच्यापेक्षाही चांगली, पण मेलेल्या गाडीपुढे चांगलं चालवणारं काय करणार? आणि शेजारी म्हातारा माणूस, दोन्ही हातांनी पट्टा धरून बसलेला. त्या माणसाने त्याला पोरगी दिली तेव्हा त्याच्याकडे एक पान्यांची पेटी आणि भाड्याची खोली, एवढंच होतं. लोक म्हणाले होते, काय बघून दिली? सासरे म्हणाले होते, हात बघून दिली. देवाचं नाव न घेणारा मिस्त्री त्या रस्त्यावर ‘देवा, देवा’ करत सुटला.

नाक्यावरचा पेट्रोल पंप मागे पडला. तिथे रांगेत उभ्या गाड्यांवरून त्याने नजर फिरवली. त्यात पांढरी छोटी गाडी नव्हती. मग वळणं सुरू झाली.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर रस्त्यात माणसं जमलेली दिसली. काही जण कठड्याशी उभे राहून खाली बोट दाखवत होते. मिस्त्रीने स्कूटर सोडून दिली, ती आडवी झाली तरी त्याने मागे पाहिलं नाही. तो गर्दीत घुसला.

ट्रक होता. टायर फुटून कडेला कलला होता आणि त्यातली लाकडाची खोकी खाली दरीत गेली होती. ड्रायव्हर धडधाकट होता आणि मालकाशी फोनवर भांडत होता.

“पांढरी छोटी गाडी गेली का इथून?” मिस्त्रीने त्याचा हात धरून विचारलं. “बाई चालवतेय, शेजारी म्हातारे गृहस्थ.”

“सकाळपासून इथेच बसलोय हो. एकेक करून सोडतोय गाड्या. बाईमाणूस चालवणारं कोणी गेलं नाही.”

“नीट आठवा.”

“नीटच आठवतोय. दुसरं करायचंय काय मला इथे?”

गेली नाही, तर मग कुठे आहे? मिस्त्री कठड्याशी गेला आणि वाकून खाली पाहत राहिला. खाली झुडपं, खोकी, दगड. पांढरं काही दिसलं की तो आणखी खाली वाके, आणि दगड निघे. मागून गाड्या सरकत होत्या, एक बस घासून गेली, लोक काहीबाही ओरडत होते. त्याने मान वळवली नाही. एकेक वळण तो असाच वाकून पाहत खाली उतरला, स्कूटर हाताने ढकलत. बायको घाटात पोचलीच नाही, याचा अर्थ अलीकडे कुठेतरी बंद पडली, एवढी साधी गोष्ट त्याला घाट उतरून संपल्यावर सुचली. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

येताना पंपाची मागची बाजू दिसली. हवा भरायच्या शेडमागे, झाडाच्या सावलीत, बोनेट उघडलेली पांढरी गाडी उभी होती.

मिस्त्री थांबला. गाडी शाबूत होती. चाकं जमिनीवर, काचा जागच्या जागी. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते बाहीने पुसले, बाहीचं ऑइल गालाला लागलं. गाडीत कोणी नव्हतं. बोनेटखाली वाकून मेहुणा काम करत होता.

मेहुणा! ज्याला तो दिवसातून दहा वेळा म्हणे, तू आपला दुकानदार, तुझ्या हातात पाना दिला तर बोट अडकवून घेशील. तो मेहुणा खिडकीवरची पट्टी काढून, लांब नाकाची पक्कड आत घालून, श्वास रोखून काहीतरी ओढत होता. ते निघालं. त्याने ते उन्हात धरून पाहिलं आणि खिशात टाकलं. मग मोठा पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं, कुठे अडत नाही ना ते पाहायला. घाई नाही, चाचपडणं नाही. शेजारी मडगार्डवर कापडी गुंडाळी उलगडून ठेवली होती आणि तिच्या कप्प्याकप्प्यांत हत्यारं होती. ही गुंडाळी मिस्त्रीने गॅरेजमध्ये कधी पाहिली नव्हती. ती चांगली मळलेली होती.

“तुमचीच गाडी आहे होय?” हवा भरणारा माणूस जवळ येऊन म्हणाला. “म्हटलं आज घरातली बाई कशी आली. म्हाताऱ्यांना घेऊन बसमध्ये बसल्या त्या. सांगून गेल्या, गाडीला कोणी हात लावू नका, भाऊ येतोय.”

“हा इथे येतो?” मिस्त्रीने मेहुण्याकडे बोट केलं.

“येतात की. तुमच्याकडची गाडी निघाली की कधी कधी मागोमाग येतात, गिऱ्हाइकाला इथे थांबवून बघून घेतात. आमच्याकडे दोनदा तपासायची पद्धत आहे म्हणतात. बरं आहे बुवा. एवढं कोण करतं आजकाल?”

मिस्त्रीने मान डोलावली. असं काही पहिल्यांदाच ऐकतोय हे त्या माणसाला दिसू नये, म्हणून त्याने स्कूटर स्टँडला लावायला उगाच वेळ घेतला.

मग तो गाडीपाशी गेला.

“पार्टवाला इथे बसायला लागला का?”

मेहुण्याच्या हातातला पाना इंजिनावर आपटला. “भाऊजी! तुम्ही... मी म्हणजे... ताईचा फोन आला, म्हणाली काहीतरी वाजतंय, म्हटलं जाता जाता बघावं.”

“पिन आत होती?”

“हो.”

“तुला केव्हा कळलं?”

मेहुणा फडक्याला हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

“तिने गेटमधून काढली तेव्हाच.”

“आणि तू गाडी जाऊ दिलीस? बाप बसलाय आत तुझा!”

“पंपापर्यंतच जाऊ देणार होतो. फोन हातातच होता माझ्या. तर तिचाच आला. तिलाही ऐकू आलं होतं ना.”

“मग दोघांपैकी एकाच्याही तोंडाला काय झालं होतं तिथे?” मिस्त्रीचा आवाज चढला.

“ताई उभी होती, भाऊजी. तिच्यासमोर तुम्हाला कसं सांगू? आणि ती म्हणते, तू उभा होतास.”

मिस्त्रीला संताप आला. माझ्यामागे माझ्या गाड्या उघडतोस, माझं नाव राखायला तू कोण, हे सगळं जिभेवर आलं. लाजही आली. एवढी आली, की तोंड लपवायला त्याने बोनेटखाली डोकं घातलं आणि नीट आवळलेले बोल्ट पुन्हा चाचपले. पिन तशीच आत राहिली असती तर आज काय झालं असतं, हे मात्र त्या संतापाखाली शाबूत होतं, आणि ते आठवलं की रागाला उभं राहायला जागाच मिळत नव्हती.

“किती गाड्या?” त्याने खालूनच विचारलं.

“सोडा ना.”

“किती?”

“फार नाहीत. तुमच्या हातात खोट नाही, भाऊजी. गाडी फिट करावी तर तुम्हीच. मी तुमचं बघूनच शिकलो. नुसतं ते शेवटचं...”

मडगार्डवरचा मेहुण्याचा फोन वाजला. पडद्यावर ‘ताई’ होतं. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने फोन उचलून कानाला लावला.

“अरे ऐक ना,” बायको घाईघाईने बोलत होती, मागे बसची घरघर होती. “ते घाटात आहेत. आम्ही बघितलं बसमधून. कठड्यावरून खाली वाकून बघत होते रे, आम्हालाच शोधत असणार. मी खिडकीतून किती हाका मारल्या, बाबांनी मारल्या, सगळी बस ओरडली. मेली बसही थांबेना, मागे सगळा खोळंबा. त्यांना नाही आलं रे ऐकू. अगदी मागून गेलो आम्ही, पण नाही आलं. तू जा, त्यांना घेऊन ये आधी. आणि हे बघ, गाडीचं काही बोलू नकोस हं त्यांच्याकडे. सांग, टायर पंक्चर होता. ऐकतोयस ना?”

मिस्त्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला.

पलीकडे बसची घरघर तेवढी राहिली.

“ऑपरेशनला वेळेत पोचताय ना?”

“पोचतोय.”

“बाबा?”

“बरे आहेत. खिडकीशी बसलेत.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही काही खाल्लंत का?”

“खातो. संध्याकाळी गाडी घेऊन येतो तुम्हाला न्यायला.”

“या,” ती म्हणाली. फोन ठेवायची घाई दोघांनीही केली नाही. मग बहुतेक बोगदा आला आणि फोन तुटला.

मिस्त्रीने फोन मडगार्डवर ठेवला, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि पुढे आला. इंजिन सुरू झालं. झाकण थरथरताना दिसत होतं, पंखा फिरत होता. मेहुणा सवयीने बाजूला सरकला आणि त्याने मिस्त्रीला वाकायला जागा करून दिली.

“बघा ना, भाऊजी,” तो म्हणाला. “तुम्हीच बघा कान लावून.”

मिस्त्री वाकला नाही.

“मला नाही येत तो आवाज,” तो म्हणाला. “तू सांग.”

मेहुण्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तो इंजिनावर वाकला आणि बराच वेळ ऐकत राहिला. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे पाहत उभा होता.